मेली नाहीत, म्हणजे बरी आहेत का?



आमचे काम उसाचे. बेणे, लागण, खताचे हप्ते, खोडव्याची निगा आणि तोडणीचा क्रम यांवरच आम्ही या पानांतून लिहीत आलो आहोत. या खेपेस कोंबड्यांवर लिहितो आहोत हे पाहून काही जण म्हणतील, "साहेबांना ऊस कमी पडला की काय?" पण गटात फिरायचे म्हणजे डोळे मिटून फिरता येत नाही. उसाच्या फडाला लागून पत्र्याच्या लांब शेड उभ्या राहिल्या आहेत. उसाचा पैसा हाती यायला वर्ष-दीड वर्ष लागते. कोंबडीचा लॉट चाळीस-पंचेचाळीस दिवसांत निघतो आणि त्यावर घरखर्च, मुलांची फी, सोसायटीचा हप्ता भागतो. शिवाय शेडमधले कोंबडखत पुन्हा आपल्याच उसात पडते. तेव्हा हा धंदा आता आपल्या शेतीचाच भाग झाला आहे.

दुसरे कारण असे की, या बाबतीत आमच्या हातून एक चूक झाली आहे. ती आधी सांगतो.

आमची चूक

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या गटातल्या एका सभासदांची करारावर चालणारी चार हजार पक्ष्यांची शेड आहे. त्यांना सगळे आण्णा म्हणतात. पावसाळ्याच्या तोंडावर भाताचे तूस महागले. आण्णांनी विचारले, "साहेब, खाली काय अंथरावं?" आम्ही मोठ्या तोऱ्यात सांगितले, "कारखान्यातून बगॅस घ्या. स्वस्त पडेल आणि ओलही शोषून घेईल."

पहिले दोन आठवडे ठीक गेले. मग आषाढाची झड लागली. पाऊस आत येऊ नये म्हणून आण्णांनी दोन्ही बाजूंचे पडदे खालपासून वरपर्यंत बंद केले. बगॅसचा गुण असा की ते पाणी चटकन पिते, पण चटकन सोडत नाही. त्याची पापडी धरते. आम्ही चोविसाव्या-पंचविसाव्या दिवशी तिकडून गेलो, तेव्हा बांधावरूनच विचारले, "लॉट कसा आहे?" आण्णांनी वही दाखवली. मरतूक तीन टक्क्यांच्या आत. आम्ही म्हटले, "वा! मग झकास," आणि गाडीला किक मारली.

चार दिवसांनी तालुक्याचे पशुधन विकास अधिकारी गावात आले होते, त्यांच्याबरोबर आत जाण्याचा योग आला. वहिनी दारातच म्हणाल्या, "सकाळी आत गेलं की डोळ्यांत कांदा पिळल्यागत होतंय." डॉक्टरांनी वही मागितली नाही. त्यांनी एक कोंबडी उचलली, उलटी केली आणि तिचा तळवा आमच्यापुढे धरला. तळव्याला काळी खपली आणि खपलीखाली जखम. दुसरी उचलली, तिसरी उचलली, तीच तऱ्हा. पायाच्या मागच्या सांध्यावर भाजल्यासारखे तपकिरी डाग. आण्णा म्हणाले, "पण डॉक्टर, मेली तर नाहीत ना?" डॉक्टर आमच्याकडे वळून म्हणाले, "साहेब, तुम्ही उसाची पक्वता वाळलेली टिपरं मोजून ठरवता का?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. लॉट उठला तेव्हा वजन कमी भरले, खाद्य जास्त गेले आणि मोबदल्यात कपात झाली. पण पैशापेक्षा आम्हांस लागून राहिले ते वेगळेच. हजारो जीव पंधरा दिवस जखमी पायांवर उभे होते आणि वहीत त्यासाठी रकानाच नव्हता.

मरतूक हा शेवटचा निकाल

तोडणीआधी आपण काय करतो? फडात आत शिरतो. कडेचा ऊस घेत नाही, कारण तो ऊन-वारा खाऊन वेगळाच असतो. चार-पाच ठिकाणांहून ऊस घेऊन हँड रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स पाहतो, बुडख्याचा आणि शेंड्याचा मेळ घालतो, आणि मग ठरवतो. कोंबडीच्या बाबतीत मात्र आपण सकाळी मेलेली मोजतो आणि जिवंत असलेल्यांना बरी समजतो. मरतूक हा निकाल आहे. निकाल लागल्यावर अभ्यास करून काय उपयोग?

जगात हा विचार नवा नाही. ब्रिटनमध्ये १९६४ साली रूथ हॅरिसन या बाईंनी कोंड्या-पिंजऱ्यातल्या जनावरांवर 'ॲनिमल मशीन्स' हे पुस्तक लिहिले. लोक हळहळले, सरकारला समिती नेमावी लागली. प्राध्यापक ब्रँबेल यांच्या त्या समितीने १९६५ साली सांगितले की, पाळलेल्या जनावराला निदान उभे राहता, बसता, वळता, अंग साफ करता आणि हातपाय ताणता आले पाहिजेत. पुढे १९७९ साली तिथल्या पशुकल्याण परिषदेने पाच गोष्टी मांडल्या: भूक-तहान नको, अंगाला गैरसोय नको, दुखणे-जखम-रोग नको, भीती-त्रास नको, आणि त्या जातीला जे करावेसे वाटते ते करण्याची मोकळीक हवी. आपल्याकडचा प्राण्यांच्या छळाला बंदी करणारा कायदा तर त्याआधीचा, १९६० सालचा. त्यात हालचालीला पुरेशी जागा नसलेल्या पिंजऱ्यात जनावर कोंडणे हा गुन्हा म्हटला आहे.

पूर्वी तपासणी म्हणजे शेडची लांबी-रुंदी, भांड्यांची संख्या मोजणे. अलीकडे जाणकार म्हणतात की, शेड चांगली की वाईट हे कोंबडीलाच विचारा. तिचे पाय, तिची चाल, तिचे पीस सगळे सांगतात. आम्हांस हे पटले, कारण उसाचेही तसेच आहे. जमिनीचा कागद काहीही म्हणो, पान पिवळे पडले की पोट कळते.

पाच गोष्टी हाताने आणि नाकाने बघा

यासाठी यंत्र लागत नाही. आठवड्यातून एकदा अर्धा तास काढा.

पहिली गोष्ट हवा. भल्या सकाळी पडदे उघडण्याआधी आत जा आणि कोंबडीच्या उंचीला खाली बसा. उभ्याने कळणार नाही, कारण विष्ठेतून निघणारा अमोनिया खालीच जास्त असतो. डोळे चुरचुरले, नाकात झोंबले की समजा मर्यादा ओलांडली. आणि हे पहिल्या मिनिटातच ठरवा. रोज आत राहणाऱ्याचे नाक मरते, मग त्याला वास येईनासा होतो. कोंबडीला मात्र तिथेच चोवीस तास काढायचे असतात. पावसाळ्यातही पडद्याचा वरचा हातभर भाग उघडा ठेवावा. पडदा वरून खाली उघडणारा हवा, खालून वर नव्हे.

दुसरी गोष्ट गादी. खालचे तूस मुठीत दाबा आणि मूठ उघडा. गोळा होऊन सहज भुगा झाला तर ठीक. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त. गोळा झालाच नाही तर धूळ जास्त, तीही छातीला वाईट. पाण्याच्या भांड्याखाली आणि निपलखाली आधी बघा, ओल तिथूनच सुरू होते. रोज खालीवर करा. पापडी धरलेला भाग उचलून बाहेर टाका आणि कोरडे तूस घाला. बगॅसबद्दल आमचा सुधारलेला सल्ला असा: उघड्यावर भिजून बुरशी धरलेले बगॅस शेडमध्ये घेऊच नये, लहान पिल्लांच्या फुप्फुसात बुरशी जाऊन ती धापा टाकत मरतात. कोरडे, ताजे, धूळ चाळलेले बगॅस उन्हाळ्यात तुसात मिसळून चालेल. पावसाळ्यात नको.

तिसरी गोष्ट तळवा. शेडच्या पाच ठिकाणांहून दहा-दहा अशा पन्नास कोंबड्या अलगद उचलून तळवे पाहा. दारातल्याच पकडू नका, दारातल्या कोंबड्या म्हणजे कडेचा ऊस. किती तळवे स्वच्छ, किती लाल, किती काळे, एवढे वहीत लिहा.

चौथी गोष्ट चाल. हळू चालत जा आणि पुढच्या कोंबड्या कशा उठतात ते बघा. ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी १९९२ साली चालीला शून्य ते पाच असे गुण देण्याची पद्धत मांडली. निर्दोष चाल म्हणजे शून्य, चालताच येत नाही म्हणजे पाच. आपल्याला इतके बारीक नको. तीन भाग पुरेत: नीट चालते, लंगडते पण पाण्यापर्यंत जाते, आणि जाऊच शकत नाही. तिसऱ्या भागातली कोंबडी तिथे ठेवू नका. ती उपाशी, तहानेली मरते. तिला वेगळी काढून जवळ पाणी ठेवा, डॉक्टरांना दाखवा. बरी होणार नसेल तर तिचे हाल त्यांच्या सल्ल्याने लवकर संपवावेत. कोपऱ्यात टाकून ठेवणे ही दया नव्हे.

पाचवी गोष्ट पिल्लांची मांडणी. पिल्ले बल्बखाली एकमेकांवर चढली असतील तर थंडी आहे, कडेला पत्र्याला चिकटली असतील तर उष्णता जास्त, एकाच बाजूला गोळा झाली असतील तर वाऱ्याचा झोत येतो आहे. चांदण्यासारखी सगळीकडे विखुरली असतील तर निर्धास्त झोपा. पिल्लाचा पाय आपल्या गालाला लावून बघा, गार लागला तर ब्रूडर कमी पडतो. आल्यानंतर चोवीस तासांनी गळ्याखालची खाद्याची पिशवी चाचपा. ती भरलेली आणि मऊ असेल तर पिल्लाला दाणा-पाणी सापडले आहे.

उन्हाळा

कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकणे हाच तिचा घाम. तिच्या अंगाचे तापमान मुळातच ४१ अंशांच्या आसपास असते. बाहेर पारा चाळिशीला गेला की तिला उष्णता टाकायला जागाच उरत नाही. म्हणून एप्रिल-मेमध्ये दुपारी मेलेल्या कोंबड्या ही देवाची करणी नव्हे, आपल्या आखणीतली उणीव आहे.

नवी शेड बांधणाऱ्यांनी तिची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे ऊन आत शिरत नाही. रस्ता दक्षिणोत्तर आहे म्हणून शेडही तशी बांधली तर पिढीभर भोगावे लागते. जुन्या शेडवर पत्र्याला चुना मारावा. थोडे पाचट पत्र्यावर पसरून दोरीने घट्ट बांधले आणि ओले ठेवले तर आत चांगलाच फरक पडतो, मात्र वायर आणि ठिणगीपासून जपावे. काळी पाण्याची टाकी उन्हात तापते आणि कोंबडी ऊन पाणी पीत नाही, म्हणून टाकीवर गोणपाट टाकावे. सकाळी दहा ते दुपारी चार-पाचपर्यंत खाद्य वर उचलावे, कारण पचनाचीही उष्णता होते. ते पहाटे आणि रात्री द्यावे. पाणी एरवी खाद्याच्या दुप्पट लागते, कडक उन्हाळ्यात तिप्पट-चौपट. वीज जाणार हे धरूनच हाताशी दुसरी सोय ठेवावी.

दाटी आणि करार

आता थोडे कडू बोलतो. कॅनडातील आल्बर्टा विद्यापीठात १९५७, १९७८ आणि २००५ सालचे कोंबडीचे वाण एकाच खाद्यावर शेजारी शेजारी वाढवून पाहिले. ५६ दिवसांत १९५७ चा पक्षी सुमारे ९०० ग्रॅम भरला आणि २००५ चा ४ किलो २०० ग्रॅम. हे २०१४ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे वाण बदलला, खाणे तेच. आपल्याला याचा अर्थ सांगायला नको. भरघोस वाढीचा ऊस बूड धरेना की लोळतो. या कोंबडीचेही तसेच आहे. मांस झपाट्याने चढते, पाय आणि काळीज मागे पडतात. अशा वाणाला जागा, कोरडी गादी आणि रात्रीची विश्रांती जास्त लागते, कमी नव्हे. पहिला आठवडा सोडला तर रात्री सलग चार-सहा तास अंधार द्या. अखंड उजेडात ती खाते खरी, पण निजत नाही.

ब्रॉयलरला माणशी म्हणतात तसा पक्ष्यामागे एक चौरस फूट, आणि उन्हाळ्यात सव्वा फूट तरी हवा. पण करारावर किती पिल्ले टाकायची हे बहुतेक वेळा शेडमालक ठरवत नाही. पिल्ले, खाद्य, औषध समोरच्याचे. शेड, वीज, पाणी, मजुरी आणि जोखीम आपली. दाटीने पक्षी मेले तर कपात आपल्या मोबदल्यातून. म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की, सही करण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर घ्याव्यात: हंगामानुसार फुटामागे किती पिल्ले, आलेल्या पिल्लांतील कमजोर किती याची त्याच दिवशी नोंद, आणि वजन आल्यावर किती दिवसांत पक्षी उचलणार. वर सांगितलेल्या पाच गोष्टींची वही ठेवली आणि दर भेटीला सुपरवायझरची सही घेतली, तर उद्या वाद झाल्यावर बोलायला आधार राहील. एकट्याचे कोणी ऐकत नाही. दहा शेडमालक एकत्र आले तर ऐकावे लागते. सहकार आपल्याला कोणी शिकवायला नको.

पक्षी उचलण्याच्या रात्री मालकाने स्वतः उभे राहावे. ऊस वजनकाट्यावर गेला की आपण काट्याजवळ उभे राहतो ना? एका हातात पाच-सहा पक्षी एका-एका पायाने लोंबकळत नेले की मांड्या निखळतात, पंख मोडतात. मंद उजेडात, दोन्ही पाय धरून किंवा अंगाखाली हात घालून, कमी पक्षी एका वेळी न्यावेत, आणि क्रेटमध्ये फेकू नयेत. खाद्य काही तास आधी बंद करावे, पाणी शेवटपर्यंत ठेवावे.

अंड्यांच्या पिंजऱ्यांबद्दल थोडक्यात. पिंजऱ्यात विष्ठेचा संबंध येत नाही, जंत कमी होतात, अंडी स्वच्छ मिळतात, हे खरे आहे. पण कोंबडीच्या वाट्याला फुलस्केप कागदाएवढीही जागा येत नाही, पंख पसरता येत नाही, अंडे घालायला आडोसा नाही, मातीत लोळणे नाही. युरोपात असे उघडे-बोडके पिंजरे १ जानेवारी २०१२ पासून बंद झाले. ज्यांच्याकडे पिंजरे आहेत त्यांनी ते आज मोडावेत असे आम्ही म्हणत नाही, कर्ज त्यांच्या डोक्यावर आहे. पण पिंजऱ्यातली दाटी आजच कमी करता येते. नवीन कर्ज काढणाऱ्यांनी गादी पद्धत, बसायला दांडे आणि अंड्यांची खोकी यांचा हिशेब आधी मांडावा.

आणि परसातल्या कोंबड्या आपल्या भगिनींच्या आहेत. त्या मोकळ्या फिरतात म्हणून सुखी, असे धरून चालू नका. मानमोडी एका रात्रीत खुराडे रिकामे करते. लस स्वस्त आहे, ती वेळेवर टोचून घ्या. रात्री डालग्याखाली कोंबून ठेवण्याऐवजी हवेशीर, मुंगूस-बोक्यापासून बंद असे खुराडे करा.

'शेवटी कापायचीच ना?'

हा प्रश्न आम्हांस हमखास विचारला जाईल. होय, कापायचीच. बैलही म्हातारा होणारच असतो, म्हणून आपण त्याच्या खांद्याला आलेल्या जखमेवर जू ठेवत नाही. पंचेचाळीस दिवसांचे का होईना, ते आयुष्य आपल्या छपराखाली जाते आणि त्याचा जाब आपल्यालाच द्यावा लागतो.

खर्चाचे म्हणाल तर सरळ सांगतो. कोरडी गादी, हवा, गार पाणी यांचा खर्च वजनात परत येतो. औषधही कमी लागते. हवा कोंडून नंतर प्रतिजैविके पाजायची ही रीत आता सरकारलाही मान्य नाही. जनावरांसाठी व कोंबड्यांसाठी कोलिस्टिन या औषधावर २०१९ साली बंदी आली, कारण ते माणसाच्या शेवटच्या औषधांपैकी आहे. पण कमी दाटीचा खर्च दर लॉटला परत येईलच असे नाही. तिथे मोबदल्याचा दर वाढवून मागावा लागेल. हे आम्ही लपवत नाही.

उसाच्या बाजूनेही एक हिशेब आहे. चांगल्या कोंबडखतात सुमारे तीन टक्के नत्र असते, शेणखतात अर्ध्या टक्क्याच्या आसपास. ओल्या गादीतून कोंबडीचे डोळे जाळणारा अमोनिया म्हणजे तेच नत्र, जे आपल्या आडसालीला मिळायला हवे होते. एकाच वासात कोंबडीही जळते आणि आपला युरियाही उडून जातो. हे खत कुजवूनच उसाला द्यावे, आणि एका शेडमधून दुसऱ्या शेडच्या दारातून ट्रॅक्टर नेऊ नये. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला आणि जानेवारी २०२१ मध्ये परभणीतील मुरुंब्याला बर्ड फ्लूने काय झाले ते विसरून चालणार नाही.

मा. संचालक मंडळास आमची विनंती आहे की, ऊस परिसंवादाबरोबर शेडमालक सभासदांसाठीही पशुवैद्यकांच्या उपस्थितीत एक दिवस ठेवावा, भाषणांसाठी नव्हे, शेडमध्ये बसून तळवे पाहण्यासाठी.

आण्णांच्या वहीत आता पाच रकाने जास्त आहेत. तळव्यांचा रकाना वहिनी भरतात, कारण शेडमध्ये जास्त वेळ त्यांचाच जातो. मागच्या पावसाळ्यात आम्ही बांधावरून विचारले, "मरतूक किती?" तर आण्णा म्हणाले, "साहेब, बांधावरून नाही सांगायचं. आत या, खाली बसा, मग विचारा." आम्ही गाडी लावली आणि आत जाऊन बसलो. प्रत्येक शेडमालक सभासदाने या आठवड्यात एकदा तसे बसावे, एवढीच विनंती.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग